वेळेची रोजकीर्द

वाचकहो, व्यापारउदीम करणाऱ्या घरांतून रोजकीर्दीला केवढा मान असतो, हे मी आपल्याला सांगायला नको. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चोपडीला हळदकुंकू वाहिले जाते. रात्री दुकानाचे शटर ओढण्यापूर्वी गल्ल्यातल्या रोकडीचा मेळ बसावा लागतो. दहा रुपयांची तफावत निघाली तरी मालकाला चैन पडत नाही. हिशेब आता संगणकावर गेले, तरी ही सवय गेलेली नाही. मात्र त्याच मालकाला ‘आजचे सोळा तास कुठे खर्च झाले?’ असे विचारले, तर तो क्षणभर घुटमळतो आणि म्हणतो, ‘डॉक्टर, वेळच पुरत नाही हो.’ मुनीमजींनी ‘पैसे पुरत नाहीत’ एवढेच सांगून वही मिटली असती, तर ते उत्तर त्याने चालवून घेतले नसते. स्वतःच्या आयुष्याच्या बाबतीत मात्र तो ते रोज चालवून घेतो.

मी गेली २८ वर्षे कोल्हापूर परिसरात सामान्य वैद्यकीय व्यवसाय करीत आहे. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांपैकी पुष्कळांचा स्वतःचा लहानमोठा उद्योग आहे. कुणाचे मशीन शॉप आहे, कुणी फौंड्रीला सुटे भाग पुरवतो, कुणाचे किराणा दुकान आहे, कुणी मसाले कुटून विकते. या घरांत बहुधा एक वृद्ध माणूस असते, आणि कारखान्याचा मालक व आजारी आईचा मुलगा ही दोन्ही कामे एकच माणूस करीत असतो. आजचा हा लेख त्याच्यासाठी आहे, तशाच दुहेरी ओझ्याखालच्या सुनेसाठी आणि मुलीसाठी आहे. आणि ज्यांच्यासाठी ही धावपळ चालते, त्या ज्येष्ठांसाठी तर आहेच आहे.

वैद्याने वेळेविषयी का बोलावे?

वेळेचा हिशेब हा व्यवस्थापनाच्या वर्गातला विषय, त्यात डॉक्टरचे काय काम, असे आपल्याला वाटेल. दोन कारणे सांगतो.

पहिले कारण मालकाच्या स्वतःच्या प्रकृतीचे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली संयुक्तपणे एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक आढळला. आपल्या औद्योगिक वसाहतींमध्ये ५५ तासांत आठवडा संपवणारा लहान उद्योजक मला क्वचितच भेटतो. पन्नाशीतला जो मुलगा आईची शुश्रूषा करतो आहे, त्यालाच उद्या शुश्रूषेची गरज लागू नये, ही चिंता वैद्याने वाहायचीच असते.

दुसरे कारण ज्येष्ठांच्या औषधांचे. औषध म्हणजे निम्मी गोळी आणि निम्मे घड्याळ. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवावी लागते, नाहीतर थायरॉइडचे औषध अंगी लागत नाही. हाडांच्या ठिसूळपणावरची आठवड्यातून एकदा घ्यायची अॅलेन्ड्रोनेटची गोळी पेलाभर पाण्याबरोबर घेऊन पुढे निदान अर्धा तास आडवे व्हायचे नसते, कारण अन्ननलिकेला इजा होण्याची भीती असते. लघवी वाढवणारी गोळी बहुधा सकाळी देतात. ती रात्री घेतली तर म्हातारे माणूस अंधारात तीनदा उठते, आणि त्यातल्या एखाद्या फेरीत पडते. हे सगळे वेळापत्रक सांभाळणारा माणूस मात्र सकाळी सात ते अकरा फोनवर असतो.

एका आईची सकाळ

शिरोली औद्योगिक वसाहतीत ज्यांचे मशीन शॉप आहे, अशा एका गृहस्थांची गोष्ट सांगतो. त्यांच्या आईचे वय ७८. मधुमेह जुना, औषधात ग्लिमेपिराइड. आईंना आठवड्यातून एक-दोनदा सकाळी घाम सुटायचा, हात थरथरायचे, शब्द अडखळायचे. ‘वयामुळे चक्कर येते’ असे म्हणून घराने ते स्वीकारले होते. एके दिवशी शेजारच्या परिचारिकेने ऐन त्या वेळी बोटातून रक्त घेऊन तपासले, तेव्हा साखर ५८ निघाली. ७० च्या खाली आली की ती कमी झाली असे आम्ही मानतो. मुलगा घाबरून माझ्याकडे आला. गोळ्यांचा डबा त्याने स्वतः भरलेला होता, प्रत्येक खणावर वेळ लिहिली होती, मोबाइलमध्ये गजर होता, आणि आई गोळी एकदाही चुकवत नव्हत्या. मग साखर का उतरावी?

मी त्यांना औषध बदलून देण्याआधी सात दिवसांची वही लिहायला सांगितली. घरातल्या प्रत्येक हालचालीची वेळ, ती ज्या क्षणी घडेल त्या क्षणी टिपायची. चौथ्या दिवशीच उत्तर सापडले. आई आठच्या गजराला गोळी घ्यायच्या. न्याहारी मात्र त्या मुलाबरोबर करायच्या, कारण दिवसातले त्याच्यासोबतचे तेवढेच एक खाणे. मुलगा सकाळी सहाला वर्कशॉपची फेरी मारायला जायचा आणि साडेआठला परत यायचा. ज्या दिवशी एखादे मशीन बंद पडे, किंवा कास्टिंगची गाडी उशिरा येई, त्या दिवशी दहा वाजत. आई गोळी घेऊन, उपाशीपोटी, मुलाची वाट पाहत बसलेल्या असत. ‘आधी खाऊन घे’ असे सून सांगायची, पण ‘तो येईलच आता’ हे आईंचे उत्तर ठरलेले. गजर गोळीला होता; न्याहारीला नव्हता.

उपाय अगदी साधा निघाला. गोळीची वेळ घड्याळावरून काढून ताटावर नेली: पोह्यांची बशी समोर आली की गोळी. रक्ताच्या तपासण्या पाहून मी तिची मात्राही कमी केली. आणि मुलाने सकाळची न्याहारी आईवर सोडून संध्याकाळचा चहा स्वतःकडे घेतला. त्याविषयी पुढे लिहितो. तपासणीच्या खोलीत हे कारण मला कधीच सापडले नसते, कारण तिथे ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच खरे उत्तर होते.

इथे एक गोष्ट प्रत्येक घराने पाठ करून ठेवावी. साखर उतरल्याची लक्षणे दिसली आणि माणूस शुद्धीवर असले, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी, कमीच असेल तर पुन्हा द्यावी, आणि सावरल्यावर काहीतरी खायला घालावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा. या गटातल्या गोळ्यांचा अंमल पुष्कळ तास टिकतो, म्हणून बरे वाटले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

वही कशी लिहावी

व्यवस्थापनशास्त्राचे विख्यात लेखक पीटर ड्रकर यांनी १९६० च्या दशकातच ‘द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह’ या पुस्तकात सांगून ठेवले आहे की कामांची यादी करण्यापासून सुरुवात करू नये; आपला वेळ खरोखर कुठे जातो ते आधी नोंदवावे. आठवणीवर विसंबू नये, हा त्यांचा आग्रह होता. वैद्याला हे लगेच पटते. ‘रात्रभर झोप नाही’ म्हणणारा रुग्ण पुष्कळदा पाच तास झोपलेला असतो आणि ‘थोडेसेच खातो’ म्हणणाऱ्याचे वजन वाढत असते. आठवण ही सोयीची साक्षीदार आहे.

यासाठी मोबाइलमधली प्रणाली असलीच पाहिजे असे नाही. शाळकरी वही पुरे. पानावर तीन रकाने आखावे: किती वाजले, काय केले, आणि ते काम आपण ठरवून केले की कुणी हाक मारली म्हणून. सात दिवस लिहावे, त्यात साप्ताहिक सुटी आलीच पाहिजे. दिवसाच्या शेवटी बसून सगळे आठवून लिहिणे हे लिहिण्यात धरू नये. आठव्या दिवशी खतावणी करावी: उद्योग, घर, शुश्रूषा, प्रवास, फोन, झोप अशा खात्यांवर तास मांडावे.

तिसरा रकाना सर्वांत बोलका असतो. वर सांगितलेल्या गृहस्थांना त्यात असे दिसले की दिवसातली निम्म्याहून अधिक कामे त्यांनी ठरवलेलीच नव्हती. कामगार विचारतो म्हणून, ग्राहक रागावतो म्हणून, फोन वाजतो म्हणून ती झाली होती. आणि आईच्या खात्यावर रोजची सरासरी ३५ मिनिटे निघाली. त्यांतली जवळजवळ सगळी डबा भरणे, रक्तदाब मोजणे आणि औषधांच्या दुकानाशी बोलणे यांत गेलेली.

तातडीचे आणि महत्त्वाचे

अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ सालच्या एका भाषणात, एका माजी महाविद्यालयप्रमुखाचा दाखला देऊन, तातडीचे प्रश्न आणि महत्त्वाचे प्रश्न यांतला भेद सांगितला होता. पुढे त्यावरून चार चौकटींचा प्रसिद्ध तक्ता तयार झाला: तातडीचे आणि महत्त्वाचे, महत्त्वाचे पण तातडी नसलेले, तातडीचे पण महत्त्व नसलेले, आणि दोन्ही नसलेले. उद्योजकांच्या शिबिरांत हा तक्ता नेहमी शिकवतात. माझे म्हणणे एवढेच की तो आपल्या देवघराशेजारच्या खोलीलाही लावून पाहावा.

वृद्धांच्या शुश्रूषेतली जवळजवळ सगळी मोलाची कामे दुसऱ्या चौकटीत बसतात. न्हाणीघरात भिंतीला धरायची दांडी बसवणे, निसरडी फरशी खरखरीत करून घेणे, मधुमेही माणसाचे तळपाय रोज पाहणे, वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, कानाचे यंत्र दुरुस्त करणे, जुन्या चिठ्ठ्यांतून एकच नवी चिठ्ठी करून घेणे. यांतले काहीही आज केले नाही म्हणून आज काही बिघडत नाही. म्हणूनच ते राहते. मग एक दिवस आजी न्हाणीघरात पडतात, खुब्याचे हाड मोडते, आणि अर्ध्या तासाचे दांडी बसवण्याचे काम तीन महिन्यांच्या तातडीत बदलते. कारखान्यात मशीनला तेल घालण्याची तारीख फलकावर लिहिलेली असते, कारण बंद पडलेल्या मशीनचा खर्च मालकाला ठाऊक असतो. घरातल्या या कामांनाही नुसती जागा देऊन भागत नाही. त्यांना तारीख द्यावी.

डोक्यातली यादी कागदावर

शल्यविशारद डॉ. अतुल गावंडे यांचे नाव आपण वाचले असेल. अमेरिकेत वाढलेल्या या डॉक्टरांचे वडील मूळचे आपल्या विदर्भातले. त्यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक यादी तयार केली. रुग्ण हाच ना, शस्त्रक्रियेची जागा हीच ना, अॅलर्जी आहे का, असे साधे प्रश्न त्यात होते. जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निष्णात शल्यविशारदांनाही जर कागद लागतो, तर दिवसभर थकलेल्या मुलाने आईची अकरा औषधे डोक्यात ठेवू नयेत, हे ओघानेच येते.

रक्तदाबाचे उदाहरण घ्या. धावत येऊन पट्टा बांधला आणि आकडा लिहिला, तर तो आकडा पट्टा बांधणाऱ्याच्या घाईचाही असतो. यादी अशी करावी: आधीच्या अर्ध्या तासात चहा-तंबाखू नको, लघवीला जाऊन यावे, पाठ टेकवून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटे स्वस्थ बसावे, मोजताना बोलू नये, एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे लिहावे. असा आठवड्यातून काही दिवस मोजलेला दाब रोजच्या घाईतल्या मोजणीपेक्षा मला अधिक उपयोगी पडतो.

रात्रीच्या यादीचा आणखी एक गुण आहे. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुण-तरुणींवर एक प्रयोग झाला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. निजण्यापूर्वी पाच मिनिटे ज्यांनी पुढच्या दिवसांतली कामे लिहून काढली, ते झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटे लवकर झोपी गेले. प्रयोग लहान होता आणि माणसे तरुण, निरोगी होती, हे ध्यानात ठेवू. तरीही पहाटे तीनला ‘उद्या इन्सुलिन आणायचे आहे’ म्हणून जागे होणाऱ्यांना मी हा कागद निर्धास्तपणे सुचवतो. त्याचा काही दुष्परिणाम नाही.

जिच्या वहीत स्वतःचे खातेच नव्हते

आता दुसरी वही. या बाई घरी मसाले आणि चटण्या करून विकतात. दोन मदतनीस महिला हाताखाली आहेत. सासूबाई पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या. अशा रुग्णाला शय्याव्रण होऊ नये म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. बाईंची वही मी पाहिली आणि थोडा वेळ काही बोललो नाही. मिरची भाजण्याची एकही घाणी दोन तास अखंड झालेली नव्हती. जेवणाची नोंद रोज उभ्याने. झोप तुकड्यातुकड्यांत. ‘स्वतःसाठी’ असा रकाना त्यांनी आखलेलाच नव्हता, आणि त्याचे त्यांना नवलही वाटले नव्हते.

ही एकट्या त्यांची कहाणी नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया विनामोबदला घरकामावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवीत होत्या, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. घरातल्या माणसांची देखभाल करणाऱ्यांमध्ये स्त्रियांची सरासरी १३४ मिनिटे होती, पुरुषांची ७६. वेळेचे नियोजन शिकवणारी पुस्तके ‘काम दुसऱ्याकडे सोपवा’ असे सांगतात. सोपवायचे कुणाकडे, हा प्रश्न आपल्याकडच्या सुनेला पडतो.

त्या घरातल्या सर्वांना मी एकदा बोलावून घेतले आणि वही मधोमध ठेवली. कुणालाही दोष दिला नाही. आकडे पुरेसे होते. बाईंचे यजमान म्हणाले, ‘मी मदत करतोच की डॉक्टर. ती सांगेल ते आणून देतो.’ वाचकहो, अडचण त्या ‘सांगेल ते’ मध्ये आहे. सांगण्यासाठी आधी आठवावे लागते, आणि आठवण ठेवणे हेच सर्वांत थकवणारे काम आहे. काम सोपवायचे तर ते मुळासकट सोपवावे. औषधे ज्याच्याकडे, त्याने पट्टीत किती गोळ्या उरल्या ते पाहायचे, संपण्याच्या आठवडाभर आधी आणायच्या, आणि तपासणीची तारीखही त्यानेच लक्षात ठेवायची. यजमानांनी औषधे आणि रात्री दहाची व पहाटेची कूस घेतली. कॉलेजात जाणाऱ्या मुलाने दुपारची घेतली. बाईंना दुपारी दीड ते साडेतीन असे दोन अखंड तास मिळाले. पहिल्या आठवड्यात त्यांनी ते मसाल्याला दिले. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांतला अर्धा तास त्या आडव्या होऊ लागल्या.

ज्येष्ठांना दोन शब्द

आता मी आपल्याशी बोलतो, ज्यांच्यासाठी या वह्या लिहिल्या जातात. आपल्यापैकी कित्येकांनी स्वतः उद्योग उभा केलेला आहे. कालपर्यंत आपण दुसऱ्यांच्या कामांची यादी करीत होता. आज आपण कुणाच्या तरी यादीतले एक कलम झालो आहोत, ही बोच मी आपल्या बोलण्यातून ऐकतो. ती खोटी नाही.

माझी विनंती अशी की शक्य असेल तर वहीची लेखणी आपणच हाती घ्यावी. चाळीस वर्षे किराणा दुकान चालवलेले एक आजोबा आता घरातल्या औषधांची ‘आवक-जावक’ लिहितात. स्वतःची, पत्नीची आणि रक्तदाब जडलेल्या मुलाचीसुद्धा. मोठ्या अक्षरात, जाड पेनने. मुलाची गोळी चुकली की ते रात्री त्याला विचारतात, आणि मुलगा आपल्या वडिलांना पूर्वी घाबरत असे तसाच घाबरतो. विस्मरणाचा आजार असेल, तर मात्र ही जबाबदारी दुसऱ्याने घ्यावी आणि वहीची रोज खातरजमा करावी.

दुसरी विनंती फोनची. किरकोळ गोष्टींसाठी कामाच्या वेळी मुलाला पुन्हापुन्हा फोन करण्यापेक्षा दुपारची एक वेळ ठरवून घ्यावी आणि तोवर विचारायचे मुद्दे कागदावर लिहून ठेवावे. छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, हातपाय लुळा पडणे, पडून मार लागणे, साखर उतरल्याची लक्षणे, यांना मात्र ठरलेली वेळ नसते. तेव्हा ‘तो कामात असेल’ असा संकोच कृपा करून करू नये. त्या संकोचाने हातची वेळ गेलेली मी पाहिली आहे.

जिथे घड्याळ उतरवून ठेवावे

घाईत राहणाऱ्या मुलांना एक गोष्ट अवघड जाते: वृद्ध माणसाच्या कामाला आपल्या मापाचा वेळ पुरत नाही. दवाखान्याला निघायला आपल्याला दहा मिनिटे लागत असतील, तर आईसाठी चाळीस धरावी. घाई केली की चप्पल नीट न घालता पाऊल पडते आणि तोल जातो. बोलण्याचेही तसेच. म्हाताऱ्या माणसाचे वाक्य हळूहळू येते. ते तोडून ‘बरं, मुद्द्याचं सांग’ म्हटले की पुढचे वाक्य येतच नाही, आणि पुष्कळदा आजाराचे खरे लक्षण त्या पुढच्या वाक्यात असते.

फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन गृहस्थाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस, टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ लावून २५ मिनिटे एकाच कामात बुडून जाण्याची पद्धत काढली. मशीन शॉपवाल्या गृहस्थांना ती ठाऊक होती. कोटेशन तयार करायला ते ती वापरत. मी सुचवले की दिवसातला असा एक तुकडा आईला द्या. संध्याकाळचा चहा, फोन दुसऱ्या खोलीत, डबा आणि पट्टा दोन्ही कपाटात. कारण त्यांच्या आईंनी मला एकदा म्हटले होते, ‘तो रोज येतो डॉक्टर, माझा आकडा लिहितो आणि जातो.’

पहिले काही दिवस दोघांनाही काय बोलावे ते सुचेना, असे त्यांनी सांगितले. मग एका संध्याकाळी आईंनी सहज विचारले, ‘ते पहिले लेथ मशीन अजून आहे का रे?’ आणि त्या मशीनच्या आगाऊ रकमेसाठी त्यांनी आपल्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या, ही गोष्ट पंचवीस वर्षांनंतर मुलाला प्रथमच कळली. वडिलांनी ‘उसने आणले’ एवढेच सांगितले होते. इतक्या काटेकोर माणसाच्या हिशेबात ही नोंद कुठेच नव्हती.

वेळ नोंदवावा तो अशासाठी की ज्याचा हिशेब मांडता येत नाही, त्याला जागा व्हावी. त्यासाठी आधी गळती शोधावी लागते, आणि गळती वहीशिवाय दिसत नाही.

तेव्हा आज रात्री एक वही काढा. तीन रकाने आखा. उद्या सकाळी घरातल्या वडीलधाऱ्यांनी पहिली गोळी किती वाजता घेतली आणि पहिला घास किती वाजता घेतला, या दोन नोंदींनी सुरुवात करा. त्या दोहोंमधले अंतर डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराशी जुळते का, ते पाहा. जुळत नसेल तर औषध आपल्या मनाने बंद करू नका वा वेळ बदलू नका. वही घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. सात दिवसांची ती सात पाने त्यांना पुष्कळ काही सांगतील.